व्यायामाचा व्हिडिओ निवडताय? आधी खुर्ची ओढून बसा

घरी करायचा व्यायामाचा व्हिडिओ निवडायचा असेल, तर पहिलं काम म्हणजे खुर्ची ओढून बसणं. कपडे बदलू नका, बूट घालू नका. कागद-पेन घ्या आणि अख्खा व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता बघा. ट्रेलर बघून भागत नाही. ट्रेलरमध्ये घामाने चमकणारी पोटं दिसतात, मध्ये विश्रांती किती आहे ते दिसत नाही. एकदा बसून बघायलाच वेळ नसेल, तर तोच व्हिडिओ आठवड्यातून पाच दिवस करायला वेळ कुठून काढणार?

मी ट्रेनर नाही. शाळेत शिकवते, दिवसभर उभी असते आणि बरीच वर्षं घरातच टीव्हीसमोर व्यायाम करते. त्यामुळे नात्यागोत्यातलं कुणी ना कुणी विचारत असतं, 'अगं, कोणता लावू?' विचारणाऱ्याने बहुतेक वेळा मनात आधीच ठरवलेलं असतं, की सगळ्यात अवघड तोच लावायचा. माझं म्हणणं एवढंच, की आज अंगात उत्साह आहे म्हणून आजच्या मापाचा प्रोग्रॅम घेऊ नका. तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, झोप अर्धवट झालेली असताना आणि डोकं चढलेलं असताना जो लावाल, तो घ्या.

कागदावर काय टिपायचं

पहिल्या दहा मिनिटांत किती वेळा दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटतात, ते मोजा. किती वेळा खाली जमिनीवर जायचं आणि परत उभं राहायचं, तेही मोजा. पाहणाऱ्याला ही उठबस किरकोळ वाटते, पण चाळिशीपुढच्या माणसाचा दम उड्यांपेक्षा तिथेच जास्त जातो. मग वॉर्मअप किती मिनिटांचा आहे, शेवटी शरीर थंड करायला वेळ दिलाय की 'शाब्बास, भेटू उद्या' म्हणून पडदा काळा होतो, हे लिहा.

मागच्या रांगेत कुणी सोपा प्रकार करून दाखवतंय का, हे मी सगळ्यात आधी शोधते. अमेरिकन ट्रेनर जिलियन मायकल्सच्या 'थर्टी डे श्रेड' या प्रोग्रॅममध्ये तिच्यासोबत दोघी असतात. एक सोपं करते, दुसरी अवघड. शॉन टी या दुसऱ्या ट्रेनरच्या 'टी-२५'मध्येही एक जण पूर्ण वेळ बिनउड्यांचा प्रकार करते. ही व्यक्ती नुसती असून उपयोग नाही, कॅमेरा तिच्यावर पुरेसा वेळ राहायला हवा. काही व्हिडिओंत ती सुरुवातीला एकदा दिसते आणि मग गायब होते. नेमकं तिची गरज लागते तेव्हा पडद्यावर कुणाच्या तरी दंडाचा क्लोजअप असतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. डोळे मिटून दोन मिनिटं नुसतं ऐका. पुढची हालचाल सुरू होण्याआधी शिकवणारा ती तोंडाने सांगतो का? 'आता उजवा पाय मागे, गुडघा टेकवायचा नाही' असं सांगणारा असेल तर उत्तम. नुसतं 'कमॉन, कमॉन' ओरडणारा असेल, तर प्लँकमध्ये, म्हणजे हात आणि चवड्यांवर अंग जमिनीला समांतर पेललेलं असताना, तुम्ही मान वर करून टीव्हीकडे बघणार. दुसऱ्या दिवशी दुखणारी मान ही त्या बघण्याची असते.

कोपऱ्यात धावणारा कॅलरीचा आकडा लिहू नका. तुमचं वजन किती, वय किती, तुम्ही खरोखर उडी मारली की पाणी प्यायला गेलात, यातलं काही त्याला ठाऊक नसतं.

उडी नाही म्हणजे सोपा नाही

इथे बहुतेकांची गल्लत होते. सांध्यांवर आदळआपट किती, हा एक मुद्दा. हृदय-फुप्फुसांना किती ताणायचं, हा दुसरा. इंग्रजीतलं 'लो इम्पॅक्ट' म्हणजे पाऊल जमिनीवर आपटत नाही, इतकंच. संथ बैठका, त्यात डंबेल, खाली गेल्यावर तिथेच थांबणं आणि अर्ध्यातूनच परत खाली, असा उडी नसलेला अर्धा तास चांगल्या खेळाडूलाही घाम फोडतो. उलट मध्ये मध्ये थांबत मारलेल्या मोजक्या उड्या दम फारसा काढत नाहीत, पण पोटऱ्या आणि टाचा भरून येतात. म्हणून कागदावर दोन वेगळे रकाने करा, 'आदळआपट' आणि 'दम'. गुडघा कुरकुरत असेल तर पहिला रकाना बघायचा. बरेच महिने काही केलेलं नसेल तर दुसरा.

दम मोजायला घड्याळ लागत नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, असं वाटलं की तो मध्यम जोर. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की तो जोराचा व्यायाम. आमच्या जाऊबाईंना 'इन्सॅनिटी' नावाचा जोरदार उड्यांचा प्रोग्रॅमच करायचा होता. मी म्हटलं, "ताई, आधी हा चालण्याचा करून बघू." लेस्ली सॅन्सोनचे 'वॉक ॲट होम' व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. जागच्या जागी चालणं, बाजूला पाऊल, पुढे लाथ आणि गुडघा वर, या चार हालचालींवर सगळा डोलारा. जाऊबाई हसल्या. "हे काय, नातवंडांसोबत करायचं?" मी त्यांना म्हटलं, चालता चालता मला त्या लग्नातल्या भांडणाची गोष्ट सांगा. पहिली दहा मिनिटं गोष्ट रंगली. मग व्हिडिओतल्या बाईने वेग वाढवला, हात डोक्यावर न्यायला सांगितले, आणि जाऊबाईंचं वाक्य 'मग ती म्हणाली की' वर अडकलं ते अडकलंच. पुढचं भांडण पाणी प्यायल्यावर ऐकायला मिळालं. त्यांच्यासाठी तो व्हिडिओ अजिबात हलका नव्हता, नेमका मापाचा होता.

मनगटावरच्या घड्याळात ठोके बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. कमाल ठोक्यांचं '२२० उणे वय' हे सूत्र सरासरीचं आहे. एखाद्याचा खरा आकडा त्याच्या दहा-बारा खाली-वर सहज असू शकतो. शिवाय रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, ठोके मुळातच दाबून ठेवतात. अशा माणसाने घड्याळावर विसंबून 'अजून हिरव्या पट्ट्यातच आहे' म्हणत जोर वाढवू नये. बोलण्याची परीक्षा त्यालाही लागू पडते.

नावाजलेले प्रोग्रॅम आणि त्यांचा खरा भार

व्हिडिओवर 'बिगिनर' किंवा 'ॲडव्हान्स्ड' लिहायला कुठलंही सरकारी माप नाही. ज्याने बनवला त्याने ठरवलं. त्यामुळे एकाचं सोपं दुसऱ्याच्या मधल्या पायरीएवढं निघतं. तुलनेसाठी पाच जुने, सगळ्यांना माहीत असलेले प्रोग्रॅम घेते. नवीन काही बघताना 'हे यातल्या कुणाच्या जवळ जातंय' असं विचारलं की अंदाज येतो.

चालण्याचे व्हिडिओ ही पहिली पायरी. एक मैल साधारण पंधरा मिनिटांत. जमिनीवर झोपायचं नाही, उड्या नाहीत, सामान काही नाही.

'थर्टी डे श्रेड' २००८ चा. तीन मिनिटं ताकदीची, दोन दम लागण्याची, एक पोटाचं, असं चक्र तीनदा. वॉर्मअप धरून अर्ध्या तासाच्या आत आटोपतं. हलके डंबेल लागतात. तीन पायऱ्या आहेत आणि नावात तीस दिवस आहेत म्हणून लोक दहा-दहा दिवसांत पायरी चढतात. तसं करायलाच हवं असं मुळीच नाही. दुसऱ्या पायरीत प्लँकच्या स्थितीतल्या हालचाली बऱ्याच आहेत. मनगटं किंवा खांदे कच्चे असतील तर पहिलीवरच महिना काढा, काही बिघडत नाही.

'टी-२५' २०१३ चा. रोज पंचवीस मिनिटं, पण मध्ये विश्रांती जवळजवळ नाही. वेळ कमी आहे म्हणून हलका असेल, असं समजून त्याच्या वाटेला जाऊ नका. घरातून निघायच्या आधी अर्धा तासच मिळतो आणि थोडीफार सवय आहे, अशांसाठी हा चांगला. पहिला आठवडा मात्र त्या बिनउड्यांच्या बाईकडेच बघून करायचा.

'पी-९०-एक्स' २००५ चा, ट्रेनर टोनी हॉर्टनचा. नव्वद दिवस, रोज तासभर, आणि योगाचा व्हिडिओ तर दीड तासाचा. पुलअप बार किंवा रबरी पट्टे आणि डंबेल हवेतच. हा मुळात ताकदीचा कार्यक्रम आहे. त्यातला उड्यांचा दिवस बाजूला ठेवला, तर दमापेक्षा स्नायूच जास्त बोलतात. त्यात 'लीन' नावाचं वेगळं वेळापत्रकही आहे, ते उड्यांच्या ऐवजी सौम्य कार्डिओ देतं. लोक त्याच्याकडे बघतही नाहीत, कारण नाव ऐकून ते कमअस्सल वाटतं. वेळेचा हिशेब मात्र आधी करा. एक तासाचा व्हिडिओ म्हणजे बार लावणं, डंबेल काढणं, नंतर आंघोळ, असं मिळून पावणेदोन तास.

आणि 'इन्सॅनिटी', २००९, साठ दिवस, आठवड्याचे सहा दिवस, सामान शून्य. नेहमीच्या मध्यांतर व्यायामात थोडा वेळ जोर आणि बराच वेळ विश्रांती असते. इथे ते उलटं केलंय, जोर लांब आणि विश्रांती आखूड. त्याचा वॉर्मअप म्हणजे तेच हालचालींचं चक्र तीन वेळा, दर वेळी आणखी वेगाने. माझा भाचा फुटबॉल खेळतो, तंदुरुस्त मुलगा. त्याने पहिल्यांदा लावला, वॉर्मअप संपला, स्ट्रेचिंग सुरू झालं, तसा भिंतीला टेकून म्हणाला, "झालं ना मावशी?" मी रिमोटवर उरलेली मिनिटं दाखवली. बिचारा खाली बसला. पुढे त्याने तो पूर्ण केलाही, पण फुटबॉलचा मोसम नव्हता तेव्हा.

आता या सगळ्याला एक मोजपट्टी लावू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्यांसाठी सांगितलेलं प्रमाण असं आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा. 'इन्सॅनिटी'चा पहिला महिना सहा दिवस सुमारे चाळीस मिनिटं धरला, तर आठवड्याला दोनशे चाळीस मिनिटं होतात, तीही जोराची. तब्येत चांगली राहावी म्हणून लागतं त्याच्या हे कितीतरी पुढे आहे. काहीतरी कमावायचं असेल, हौस असेल, तर जरूर करा. पण 'डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितली' एवढंच कारण असेल, तर अर्धा तास चालण्याचा व्हिडिओ पाच दिवस आणि दोन दिवस डंबेल, एवढ्यात ते प्रमाण भरतं.

जाता जाता 'टबाटा'बद्दल. इझुमी टबाटा या जपानी संशोधकाच्या चमूचा १९९६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती, सात-आठ फेऱ्या, म्हणजे जेमतेम चार मिनिटं. पण तो तरुण, सराव असलेल्या मुलांनी जागच्या सायकलीवर केला होता आणि जोर इतका होता, की शेवटच्या फेरीला ते गळून जात. 'पाऊण तास टबाटा' असं लिहिलेल्या व्हिडिओत घड्याळ तेवढं टबाटाचं असतं. त्या जोराने पाऊण तास कुणालाच काढता येणार नाही. व्हिडिओ वाईट असेलच असं नाही, फक्त नावावरून घाबरू नका किंवा भारावून जाऊ नका.

स्वतःचं माप

खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. एका पायावर दहा सेकंद उभे राहा, मग दुसऱ्यावर. जमिनीवर बसा आणि फर्निचरला न धरता उठा. यातलं एकही अडलं तर चालण्याचा किंवा खुर्चीच्या आधाराने करायचा व्हिडिओ घ्या. हे सगळं जमलं तर पाच उड्या मारा आणि कान देऊन ऐका. पाय टेकताना आवाज झाला नाही, चवडा आधी टेकून गुडघा वाकला, तर उड्यांच्या व्हिडिओला तुम्ही तयार आहात. 'धप्प' आवाज आला तर मांड्या आणि पोटऱ्या अजून भार झेलत नाहीत, तो सरळ गुडघ्यात आणि कमरेत जातोय. सहा आठवडे ताकदीचं काही करा आणि मग परत ऐका. खाली कुणी राहत असेल तर ही परीक्षा त्यांच्याकडूनही होतेच.

बाळंतपणानंतर उडी मारताना लघवीचा थेंब जातो, अशी तक्रार अनेक जणींची असते आणि कुणी बोलत नाही. त्या काळात उड्यांचे व्हिडिओ बाजूला ठेवा आणि फिजिओथेरपिस्टला भेटा, त्यावर व्यायाम आहेत. हृदयाचा त्रास, वाढलेला रक्तदाब, छातीत दुखणं, चक्कर, कायमची औषधं, हाडा-सांध्याची जुनी दुखापत, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. विचारताना 'व्यायाम करू का?' असं मोघम विचारू नका, त्याला 'हो, करा की' हेच उत्तर मिळतं. मोबाइलवर तो व्हिडिओ दोन मिनिटं दाखवा.

जागा पण मोजा. मॅट अंथरून आडवे व्हा, हात डोक्यावर ताणा, दोन्ही बाजूंना पसरा. कपाटाला हात लागला तर बाजूला धावायचे प्रकार विसरा. उड्या मारायच्या असतील तर फरशीवर मोज्यांनी नको. बूट घाला, आणि घसरणाऱ्या मॅटवर उडी मारू नका.

पहिला आठवडा

निवडलेल्या व्हिडिओचा पहिल्या दिवशी अर्धाच भाग करा, तोही सोप्या प्रकाराने. 'अगदीच काही वाटलं नाही' असं वाटेल. वाटू दे. नव्या व्यायामाचं अंग-दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत चढतं. म्हणून निकाल दुसऱ्या नाही, तिसऱ्या सकाळी लावायचा, आणि तो जिना उतरताना. दोन्ही मांड्या सारख्या दुखतायत, चालू लागल्यावर सैल होतायत, तर ठीक आहे. एकाच गुडघ्यात टोचतंय, सांधा सुजलाय, चालताना दुखणं वाढतंय, तर व्हिडिओ बदला. चुकून फार झालं, स्नायू सुजून ताठरले आणि लघवी काळपट चहासारखी झाली, तर घरी वाट बघू नका, दवाखाना गाठा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार आल्याची ती खूण असू शकते. आणि व्यायाम चालू असताना छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी किंवा विचित्र धडधड झाली तर पॉजचं बटण दाबत बसू नका, सरळ थांबा आणि मदत बोलवा.

आठवडाभर केल्यावर एकच प्रश्न विचारा: व्हिडिओ लावायच्या आधी मी किती वेळ टाळाटाळ केली? पाच मिनिटं सगळेच करतात. पण रोज अर्धा तास रिमोट हातात घेऊन बसत असाल, तर प्रोग्रॅम एक पायरी जड आहे किंवा शिकवणाऱ्याचा आवाज तुम्हाला सोसत नाही. दुसरं कारण हास्यास्पद वाटेल, पण ज्याचं बोलणं डोक्यात जातं त्याच्यासोबत नव्वद दिवस काढणं अवघड असतं. मी एक उत्तम प्रोग्रॅम केवळ त्यातल्या माणसाच्या टाळ्यांमुळे सोडलाय.

वरच्या पायरीवर कधी जायचं? त्याच व्हिडिओत, त्याच वेगाला, पूर्वी जिथे वाक्य तुटायचं तिथे ते आता सलग दोन आठवडे पुरं होत असेल तेव्हा. आणि मग एकच गोष्ट वाढवा. वेळ वाढवला तर उड्या तशाच ठेवा, उड्या घेतल्या तर डंबेल तेच ठेवा. अख्खा आठवडा एकाच जोराचा असला पाहिजे असंही नाही. माझे दोन दिवस जोराचे असतात, दोन चालण्याचे, एक नुसतं ताणण्याचा, आणि परीक्षेचे पेपर तपासायचे असतात तेव्हा पाचही दिवस चालण्याचे.

आजारपण, प्रवास, पाहुणे, कशाने तरी आठवडा बुडणारच. तेव्हा 'आज सतरावा दिवस' म्हणून सतराव्याला परत उडी घेऊ नका. ताप येऊन गेला असेल तर आधी दोन दिवस चालण्याचा व्हिडिओ, मग आधीच्या आठवड्याचा पहिला दिवस. प्रोग्रॅमसोबत छापील वेळापत्रक आलेलं असलं तर त्यावरच्या तारखा पेन्सिलने लिहा.